रासायनिक अभिक्रियांची ओळख : संत्र्याच्या बागेतून

एका किंवा अनेक पदार्थांपासून निराळ्या गुणधर्मांचा नवा पदार्थ तयार होणे यास रासायनिक अभिक्रिया असे म्हणतात. माध्यमिक शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात संयोग, अपघटन, विस्थापन आणि दुहेरी विस्थापन असे अभिक्रियांचे चार प्रमुख वर्ग दिलेले असतात. विद्यार्थी ही नावे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि बहुधा विसरून जातात. यात विद्यार्थ्यांचा दोष फारसा नाही. मॅग्नेशियमची फीत किंवा सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण ही पुस्तकातील उदाहरणे खेड्यातील मुलाने प्रयोगशाळेबाहेर कधी पाहिलेली नसतात. उलट ज्या अभिक्रिया त्याच्या घरचे लोक दरवर्षी स्वतःच्या हाताने घडवून आणतात, त्यांना अभिक्रिया म्हणतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

अमरावतीहून नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर तिवसा हे तालुक्याचे ठिकाण आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज आश्रमामुळे सर्वांना परिचित असलेले मोझरी याच तालुक्यात असून पूर्वेस वर्धा नदी वाहते. कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांबरोबर येथे संत्र्याच्या बागाही आहेत. संत्र्याच्या झाडाला होणारा डिंक्या हा रोग बागायतदारांच्या पूर्ण परिचयाचा आहे. जमिनीतील फायटोप्थोरा नावाच्या बुरशीमुळे तो होतो. पावसाच्या थेंबांनी उडालेल्या मातीबरोबर बुरशी खोडावर पोहोचते, साल कुजते, सालीतून डिंक पाझरू लागतो आणि वेळीच उपाय न झाल्यास वाढीस लागलेले झाड वाळून जाते. वऱ्हाडातील काळी जमीन पाणी धरून ठेवणारी असल्याने हा धोका अधिक असतो. यासाठी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर खोडाला जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीपर्यंत बोर्डो मलम लावण्याची शिफारस कृषी शास्त्रज्ञ करीत आले आहेत. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १० लिटर पाणी हे या मलमाचे प्रमाण होय. फवारणीसाठी एक टक्का तीव्रतेचे मिश्रण करावयाचे असल्यास तेवढाच मोरचूद व चुना १०० लिटर पाण्यात घेतात.

या मिश्रणाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. फ्रान्समधील बोर्डो शहराच्या आसपास द्राक्षाचे मळे आहेत. रस्त्याकडेच्या वेलींवरील द्राक्षे जाणारे-येणारे तोडून नेत, म्हणून तेथील शेतकरी कडेच्या वेलींवर मोरचूद व चुन्याचा निळसर लेप शिंपडत. लेप पाहून लोकांना विषाची शंका यावी एवढाच त्यामागील हेतू होता. १८८२ साली केवडा रोगाने मळे उजाड होत असताना या कडेच्या वेलींची पाने मात्र हिरवी राहिली आहेत, ही गोष्ट वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांच्या ध्यानात आली. प्रयोगांती १८८५ साली त्यांनी हे मिश्रण रोगनाशक म्हणून प्रसिद्ध केले. चोरांसाठी केलेली युक्ती बुरशीवर लागू पडली. त्यानंतर शेकडो नवी औषधे निघाली, तरी हे मिश्रण वापरातून गेलेले नाही.

शिक्षकांच्या व ग्रामसेवकांच्या दृष्टीने या मिश्रणाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. पुस्तकातील चारही वर्गांच्या अभिक्रिया या एकाच कामात क्रमाने भेटतात. कोणती अभिक्रिया कोठे घडते हे ज्यास कळते, त्याचे मिश्रण बिघडत नाही आणि बिघडलेच तर ते का बिघडले हे त्यास सांगता येते.

प्रथम चुन्याचा विचार करू. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविला असता त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो आणि कळीचा चुना शिल्लक राहतो. यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळील राजूर येथील चुनाभट्ट्यांत हेच घडते. एका पदार्थापासून दोन किंवा अधिक पदार्थ तयार होतात, म्हणून ही अपघटन अभिक्रिया होय. शुद्ध चुनखडी १०० किलो घेतल्यास ५६ किलो कळीचा चुना मिळतो व ४४ किलो वायू हवेत जातो. वजनाचा हा हिशेब चुकत नाही. भट्टीत घातलेल्या दगडाचे वजन घटले तरी काहीही नष्ट झालेले नसते. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच शास्त्रज्ञ लव्हाझिए यांनी तराजूच्या साहाय्याने हा नियम प्रस्थापित केला आणि रसायनशास्त्राला आजचे स्वरूप प्राप्त झाले.

कळीच्या चुन्यावर पाणी टाकताच तो फुगतो, फुटतो, वाफा येऊ लागतात आणि भांडे हात लावू नये इतके तापते. चुना व पाणी या दोन पदार्थांपासून विरलेला चुना हा एकच पदार्थ तयार होतो, म्हणून ही संयोग अभिक्रिया आहे. उष्णता बाहेर पडते म्हणून ती उष्मादायी आहे. या ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. संयोग हा शब्द पदार्थांची जुळणी कशी झाली ते सांगतो. उष्मादायी हा शब्द उष्णतेचा हिशेब सांगतो. दोन्ही वर्गीकरणे एकाच अभिक्रियेला एकाच वेळी लागू पडतात. एकच मनुष्य शेतकरी असतो आणि पंचायत सदस्यही असतो, तसेच हे आहे. पुष्कळ विद्यार्थी यापैकी एकच उत्तर बरोबर असले पाहिजे असे समजून गोंधळतात.

मोरचुदाचे खडे पाण्यात टाकले म्हणजे पाणी निळे होते. रंग दिसला म्हणून येथे अभिक्रिया झाली असे विद्यार्थी चटकन म्हणतो. परंतु पाणी आटवून पाहिल्यास तेच निळे खडे परत मिळतात. नवा पदार्थ झालेला नसतो. म्हणून विरघळणे हा सामान्यतः भौतिक बदल समजतात. याउलट तोच मोरचूद परीक्षानळीत कोरडाच तापविल्यास निळा रंग जाऊन पांढरी भुकटी उरते, नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात आणि भुकटीवर पाणी टाकताच निळा रंग परत येतो. येथे खड्यात बांधलेले पाणी उष्णतेने सुटून निघाले आहे व नंतर पुन्हा बांधले गेले आहे. कमी खर्चात होणारा आणि मुलांना विस्मय वाटणारा असा हा प्रयोग आहे. मात्र मोरचूद पोटात गेल्यास विषारी असतो, तेव्हा तो शिक्षकांनी स्वतः हाताळणे इष्ट.

अभिक्रिया ओळखण्याच्या खुणा म्हणून रंग बदलणे, वायू निघणे, तळाशी साका बसणे, उष्णता बाहेर पडणे किंवा शोषली जाणे या गोष्टी सांगितल्या जातात. त्या उपयुक्त आहेत, पण त्या केवळ खुणा आहेत. पाणी उकळताना बुडबुडे येतात, तरी ती अभिक्रिया नव्हे. नवा पदार्थ झाला किंवा नाही, हीच खरी कसोटी. तिचे उत्तर एका खुणेवरून न देता दोन-तीन खुणा पडताळून देणे बरे.

आता चुन्याची निवळसर केलेली दाट कांजी आणि मोरचुदाचे द्रावण एकत्र करावयाचे आहे. दोन्ही निरनिराळ्या भांड्यांत निम्म्या निम्म्या पाण्यात तयार करून, चुना गाळून व पूर्ण थंड होऊ देऊन, तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतावीत आणि लाकडी काठीने ढवळत राहावे अशी पद्धत आहे. दोन स्वच्छ पदार्थ एकत्र येताच आकाशी रंगाचा दाट साका तयार होतो. तांब्याने सल्फेट सोडून हायड्रॉक्साइड घेतले, कॅल्शियमने हायड्रॉक्साइड सोडून सल्फेट घेतले. शब्दांत मांडल्यास :

कॉपर सल्फेट + कॅल्शियम हायड्रॉक्साइड → कॉपर हायड्रॉक्साइड + कॅल्शियम सल्फेट

जोडीदारांची ही अदलाबदल म्हणजे दुहेरी विस्थापन. विरघळलेल्या स्थितीतून घनरूपात खाली बसणाऱ्या पदार्थास अवक्षेप म्हणतात. प्रत्यक्ष बादलीत केवळ कॉपर हायड्रॉक्साइड तयार होत नाही. सल्फेटचा काही अंश धरून ठेवणारी तांब्याची संमिश्र संयुगेही त्यात असतात. परंतु शालेय पातळीवर वरील समीकरण पुरेसे आहे. या अवक्षेपाचे बारीक कण सालीला व पानाला चिकटून बसतात आणि पावसाच्या, दवाच्या ओलाव्यात त्यातून अत्यल्प तांबे हळूहळू सुटत राहते. तेवढे तांबे बुरशीच्या बीजाणूंना मारक ठरते आणि झाडाला अपाय करीत नाही. तांबे मोकळे, म्हणजे विरघळलेल्या स्थितीत, राहून गेले तर मात्र पाने करपतात, कोवळी फळे डागाळतात. औषधाचे विष होते ते याच ठिकाणी.

तांबे मोकळे का राहते? हिशेबाने पाहिल्यास १ किलो मोरचुदातील सर्व तांबे खाली आणण्यास सुमारे २२५ ग्रॅम शुद्ध कळीचा चुना पुरतो. शिफारस १ किलोची आहे, म्हणजे चौपटीहून अधिक. ही उधळपट्टी नव्हे. बाजारात मिळणारा चुना शुद्ध नसतो आणि उघड्यावर ठेवलेला चुना तर दिवसेंदिवस मरत जातो. तो हवेतील ओलावा घेऊन विरतो, नंतर हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीच बनतो. भट्टीने जे वेगळे केले ते हवा परत जोडते. दिसायला पांढरी भुकटी तशीच असते, वजनही भरते, परंतु मोरचुदाला आवरण्याचे सामर्थ्य तीत राहिलेले नसते. गेल्या वर्षीच्या अर्धवट पोत्यातील चुना तोलून घेणारा शेतकरी प्रमाण बरोबर घेऊनही फसतो, याचे कारण हे आहे. चुन्याची परीक्षा सोपी आहे : पाणी टाकल्यावर तो तापला पाहिजे. जो तापत नाही तो कळीचा चुना राहिलेला नाही.

मिश्रणाचीही परीक्षा असते आणि त्यासाठी लागतो एक चकचकीत लोखंडी खिळा किंवा चाकूचे पाते. तयार मिश्रणात तो मिनिटभर बुडवून पाहावा. खिळ्यावर तांबूस थर आला तर तांबे मोकळे आहे असे समजून चुन्याची आणखी कांजी घालावी व खिळा स्वच्छ करून पुन्हा बुडवावा. थर येणे थांबले की मिश्रण वापरण्यास योग्य झाले. निळा लिटमस कागद तांबडा होणे हीसुद्धा चुना कमी पडल्याची खूण आहे, परंतु लिटमस प्रत्येक गावी मिळेलच असे नाही आणि खिळा मिळतोच. खिळ्यावर जे घडते ते असे :

लोह + कॉपर सल्फेट → लोह सल्फेट + तांबे

लोखंड हे तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे ते तांब्याला त्याच्या जागेवरून हटविते व स्वतः द्रावणात जाते. ही विस्थापन अभिक्रिया होय. येथे अदलाबदल दोघांत नसून एकाने दुसऱ्याची जागा घेतलेली आहे, एवढा फरक विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविला की विस्थापन व दुहेरी विस्थापन यांत घोटाळा होत नाही. याच अभिक्रियेमुळे मिश्रणासाठी लोखंडी पिंप किंवा जस्ताचा मुलामा दिलेली बादली वापरू नये असे सांगतात. जस्त तर लोखंडाहूनही क्रियाशील. अशा भांड्यात औषधातील तांबे भांड्याच्या अंगावर जाते, भांडे खाल्ले जाते आणि बागेवर जाते ते निःसत्त्व पाणी. प्लॅस्टिकचे, लाकडाचे किंवा मातीचे भांडे हवे, ही सूचना माहितीपत्रकात एका ओळीत छापलेली असते. ती का दिली आहे हे छापलेले असते तर ती अधिक पाळली गेली असती.

चुना थंड झाल्याखेरीज मिश्रण करू नये, या सूचनेमागेही रसायनच आहे. कॉपर हायड्रॉक्साइड तापविल्यास त्याचे अपघटन होऊन काळे कॉपर ऑक्साइड व पाणी तयार होते. विरणाऱ्या चुन्याच्या उष्णतेत मिश्रण केले तर आकाशी रंग काळपट पडू लागतो व औषधाचा गुण उतरतो. तयार मिश्रण दुसऱ्या दिवसासाठी ठेवणेही योग्य नाही; कण मोठे होऊन तळाशी बसतात व चिकटून राहण्याचा गुण कमी होतो. जेवढे एका दिवसात लावून होईल तेवढेच करावे. विरणारा चुना डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा होते, म्हणून त्या वेळी मुलांना जवळ येऊ देऊ नये.

दुहेरी विस्थापनाची प्रत्येक अभिक्रिया साका दाखवीत नाही. अमोनियम सल्फेट हे खत चुन्यात किंवा लाकडाच्या राखेत मिसळले असता अमोनिया वायूचा उग्र दर्प येतो. नाकाला झोंबणारा तो वायू म्हणजे पिकासाठी विकत घेतलेले नत्र होय. पैसे दिलेले खत वाऱ्यावर जात असते. आणखी एका प्रकारात तर डोळ्यांना किंवा नाकाला काहीच जाणवत नाही. तिवसा तालुका खारपाणपट्ट्यात मोडत नाही, परंतु जिल्ह्याच्या पश्चिम भागातील दर्यापूर, भातकुली आणि पुढे अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्यात मातीच्या कणांना सोडियम चिकटलेले असते. त्यामुळे जमीन पावसात चिबड होते व उन्हात दगडासारखी कठीण बनते. अशा जमिनीत जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालतात. कॅल्शियम मातीच्या कणावर सोडियमची जागा घेते आणि सोडियम सल्फेटच्या रूपाने सोडियम पाण्यात उतरते. जोडीदार बदलले, पण ना रंग, ना वायू, ना ऊब. अभिक्रिया झाल्याची खूण पुढे जमीन भुसभुशीत होऊन पाणी मुरू लागल्यावरच मिळते. मात्र विरघळलेले सोडियम सल्फेट वाहून जाण्यास चर नसतील तर ते तेथेच राहते आणि जिप्समचा खर्च बव्हंशी वाया जातो. जिप्सम वाटपाच्या योजना राबविताना निचऱ्याच्या चरांचा विचार प्रथम व्हावयास हवा.

पंचायत सदस्यांचा ज्या रसायनाशी बारमाही संबंध येतो ते म्हणजे टी. सी. एल. पावडर. १७९९ साली ग्लासगो येथे चार्ल्स टेनंट यांनी विरलेल्या चुन्यावर क्लोरीन वायू सोडून विरंजक चूर्ण तयार करण्याची पद्धत काढली. टी. सी. एल. हे त्याचेच उष्ण हवामानात टिकावे म्हणून बनविलेले रूप. चुन्याचा संबंध येथेही आहे आणि चुन्याचा दोषही. ताज्या चूर्णात उपयुक्त क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. पोते उघडे राहिले की हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइड त्यावर क्रिया करतात, क्लोरीन निघून जातो व मागे बहुतांशी खडूची भुकटी उरते. साठवणीच्या खोलीत येणारा तीव्र वास म्हणजे पाण्याच्या टाकीत जावयाचा क्लोरीन खोलीत उडून जात असल्याची खूण होय. अशी पावडर चमच्याने मोजून टाकली, नोंदवहीत नोंद केली, तरी पाणी निर्जंतुक झालेले नसते. आणि पावसाळ्यात गावात हगवण किंवा कावीळ पसरल्यावर नोंदवही उपयोगी पडत नाही.

क्लोरीनचे जंतूंवर होणारे कार्य ऑक्सिडीकरणाचे आहे. क्लोरीन दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन घेतो, ज्याचे इलेक्ट्रॉन जातात त्याचे ऑक्सिडीकरण होते व घेणाऱ्याचे क्षपण. हे वर्गीकरण वरील चार वर्गांना छेद देऊन जाते. खिळ्यावर तांबे बसले त्या विस्थापनातही लोखंडाचे ऑक्सिडीकरण व तांब्याचे क्षपणच झाले होते. बोर्डो मिश्रणाच्या दुहेरी विस्थापनात मात्र इलेक्ट्रॉनांची देवघेव नाही. पाण्यात कुजके पदार्थ, माती, पालापाचोळा असेल तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो. म्हणून टाकीत किती पावडर टाकली यापेक्षा अर्ध्या तासानंतर पाण्यात किती क्लोरीन शिल्लक राहिला याला महत्त्व आहे. नळाच्या पाण्यात दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन असावा असा दंडक आहे. ओ. टी. चाचणीत पाण्यास येणारा पिवळा रंग हा त्याचा पुरावा होय. पिवळेपणा आला नाही तर शंका दोहोंवर घ्यावी, पाण्यावर आणि पावडरीवरही.

शाळांच्या व कार्यालयांच्या बाबतीत एक धोका आवर्जून सांगण्यासारखा आहे. स्वच्छतागृह धुण्यासाठी वापरले जाणारे ॲसिड आणि विरंजक चूर्ण एकत्र आले की क्लोरीन वायू एकदम बाहेर पडतो. बंद जागेत तो श्वासावाटे गेल्यास जिवावर बेतू शकते. अधिक स्वच्छता व्हावी म्हणून दोन्ही एकदम टाकणारा मनुष्य अज्ञानाने हे करतो. दोन्ही वस्तू एकाच कपाटात तर ठेवूच नयेत. हिरवट पिवळा वायू किंवा घसा दाटून येणारा वास जाणवताच काम टाकून उघड्यावर यावे.

पुन्हा बागेकडे वळल्यास, बोर्डो मिश्रणातील तांब्याचे पुढे काय होते हा प्रश्न उरतो. जंतुनाशक क्लोरीन आपले काम करून निरुपद्रवी क्लोराइड होतो, अमोनिया हवेत विरतो. तांबे मात्र मूलद्रव्य असल्याने कोणत्याही रासायनिक अभिक्रियेने नाहीसे होत नाही. ते संयुग बदलते, पण तांबेच राहते. पावसाने धुऊन ते मातीत जाते आणि तेथील सेंद्रिय पदार्थांना घट्ट बांधले जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ हे मिश्रण फवारले गेलेल्या युरोपातील द्राक्षमळ्यांच्या मातीत तांबे एवढे साचले की गांडुळांना व मातीतील इतर जीवांना त्याचा उपद्रव होऊ लागला. युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्याच्या वापरावर सात वर्षांत हेक्टरी २८ किलो ही मर्यादा घातली. खोडापुरते लावलेले मलम आणि संपूर्ण झाडावर केलेली फवारणी यांत तांब्याचा खर्च सारखा नसतो. डिंक्यासाठी मलम पुरेसे असेल तेथे फवारणीचा आग्रह न धरणे आणि उरलेले मिश्रण विहिरीच्या किंवा नाल्याच्या काठी न ओतणे, एवढी दक्षता बागायतदारास घेता येण्याजोगी आहे.